‘आले’ म्हणजे ‘आय केम’ नव्हे

मोडनिंबच्या वैजयंतीबाई दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झाल्या होत्या, आणि हे त्या आजही ताठ मानेनं सांगतात. "तिसऱ्यांदा झाले की पास! पोरगी नेमकी कुठं अडते ते आपटी खाल्लेल्यालाच कळतं." झेडपीच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी सोलापुरातल्या घरी, पुढच्या खोलीत, बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला. अट एकच. शंका पोटात ठेवायची नाही.

मग काय, शंकांना नुसता ऊत! "बाई, 'माय हेड इज पेनिंग' का चालत न्हाय? दुखतंय तर माझंच की!" "परीक्षा आपण देतो, मग इंग्रजीत ती घेतात कशी?" बाई पोट धरून हसायच्या, पण उत्तर दिल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

वर्गात सगळ्यात हुशार महेश्वरी. अक्कलकोटची, घरी कानडी, शाळेत मराठी, आणि इथल्या एका दवाखान्यात नर्स. हैदराबादच्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी मिळवायची म्हणून तिनं वर्षभर इंग्रजी घोटलं. फोनवर मुलाखत झाली. तिकडच्या मॅडमनी विचारलं, "तुम्ही एका पेशंटला सलाईन लावताय आणि दुसऱ्यानं हाक मारली, तर काय म्हणाल?" महेश्वरी ठणकावून म्हणाली, "आय केम!" मॅडम हसल्या. "आलात? तुम्ही तर अजून पहिल्याच पेशंटजवळ आहात!" पोरगी जी गांगरली ती गांगरलीच. पुढचं एक उत्तर धड आलं नाही, आणि नोकरी हातची गेली.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. रडली नाही, फक्त पान पुढं केलं. 'आले – आय केम.' अक्षर बाईंचंच होतं.

बाईंनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. तीस वर्षं मास्तरकी केली आणि शब्दाला शब्द लावून मोकळ्या झाल्या! दुसऱ्या सकाळी भरल्या वर्गात त्या उभ्या राहिल्या. "महेश्वरीची चूक न्हाई. चूक माझी हाय. आपण जागचं हलायच्या आधीच 'आले' म्हणतो. इंग्रजी लई हिशेबी. निघालात तर 'आय ॲम कमिंग' म्हणा, 'आय केम' म्हणजे येऊन झालं." मग स्वतःच्या हातानं वहीतली ती ओळ खोडली. बाईंना लाज वाटली, पण बोलून टाकल्याचं बरंही वाटलं.

सहा महिन्यांनी त्याच हॉस्पिटलनं पुन्हा अर्ज मागवले. या खेपेला मुलाखत बाईंच्याच पुढच्या खोलीत, मोबाईलच्या स्पीकरवर. बाई स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि कान मात्र दाराला लावले. याही वेळी पोरगी हुकली, तर वर्गाला कुलूप लावायचं, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

मॅडम त्याच आणि प्रश्नही तोच. बाईंचा जीव नुसता टांगणीला!

"आय ॲम कमिंग," महेश्वरी म्हणाली. आणि थांबली नाही. इंग्रजीतच पुढं सांगत सुटली. "मॅडम, मागच्या वेळी मी 'आय केम' म्हणाले होते. आमच्याकडं हाक आली की पाय उचलायच्या आधीच 'आले' म्हणतात. हाक मारणाऱ्याला धीर येतो. इंग्रजीत तसं म्हणत नाहीत, हे माझ्या बाईंनी शिकवलं. चूक त्यांनी स्वतःवर घेतली आणि मग शिकवलं."

पलीकडून मॅडम म्हणाल्या, "सोलापूरकडचे बरेच पेशंट येतात इथं. त्यांना मात्र 'आले'च म्हणा. एक तारखेला रुजू व्हा."

अगं बाई! वैजयंतीबाईंचा ऊर भरून आला. ही माझी पोरगी! चुकलेला शब्दसुद्धा तिनं वाया जाऊ दिला नाही.

"बाई! अवो बाई, या की लवकर!" बाहेरून हाक आली.

"आले, आले!" बाई ओरडल्या, आणि पदरानं डोळे पुसत पाटावरच बसून राहिल्या.