व्हर्नेल पिंकनीची हरकत

व्हर्नेल पिंकनी तीनदा निवडणूक हरली होती, आणि तीही कसल्या जागेची? ना संसदेत खुर्ची, ना मत, पगाराच्या नावाने तर बोंबच! वॉशिंग्टनच्या लोकांनी आपला एक प्रतिनिधी निवडायचा आणि त्याने 'आमच्या शहराला राज्याचा दर्जा द्या' म्हणत दारोदार फिरायचं, एवढंच. पण तीस वर्षं बस हाकून निवृत्त झालेल्या व्हर्नेलला ती जागा हवी म्हणजे हवीच होती.

यंदा चौथ्यांदा तयारी केली आणि बघते तर काय, चर्चमध्ये गाणारी कॉर्डीलियाही उभी! जिने आजवर एका मोर्चात पाय ठेवला नाही, ती!

"अगं, मला काय कळतंय त्यातलं," कॉर्डीलिया लाजत म्हणाली. "लोकांनीच घोड्यावर बसवलं."

"बस हो, बस. पडलीस की मला हाका मारू नकोस."

अर्जाला मतदारांच्या सह्या लागतात. व्हर्नेल दोन महिने दुकानांच्या दाराशी उन्हात उभी राहिली. कॉर्डीलियाने चर्चबाहेर पीचचा गोड केक मांडला आणि तीन रविवारांत कागद भरले. व्हर्नेलच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मेलीला आवाज दिला देवाने, हाताला चव दिली, आता माणसंही दिली?

सह्यांची यादी जाहीर झाली तशी ती चष्मा लावून बसली. आणि सापडलंच! भाडी परवडेनात म्हणून निम्मं चर्च कधीच हद्दीपलीकडे, शेजारच्या मेरीलँड राज्यात राहायला गेलं होतं. दर रविवारी यायचे, आणि पत्ता विचारला की सवयीने जुन्या घराचाच सांगायचे. इथेही तोच लिहिला होता. सही शहरात राहणाऱ्याचीच चालते, म्हणून व्हर्नेलने त्रेचाळीस नावांवर हरकत घेतली. कॉर्डीलियाला अकरा सह्या कमी पडल्या, तिचा अर्ज बाद झाला. व्हर्नेल एकटी उरली आणि निवडून आली.

पुढच्या रविवारी ती नवी हॅट घालून चर्चला गेली. पायऱ्यांपाशीच लुव्हिनिया भेटल्या, एक्क्याण्णव वर्षांच्या; मानाने सगळं चर्च त्यांना मदर म्हणायचं. व्हर्नेलला लहानपणी बायबल शिकवलं ते त्यांनीच.

"माझं नाव तू खोडलंस?"

"मदर, तुम्ही मेरीलँडला राहता ना. कायद्यानं..."

"राहते कुठे गं, भाचीच्या तळघरात पडून असते. राहिले मी इथे. ऐंशी वर्षं." त्यांचा आवाज चढला नाही. "बाहेर काढलं घरमालकानं. पण मी इथली नाही असं लिहून दिलंस ते तू."

पायऱ्या चढायला म्हातारीने हात पुढे केला. व्हर्नेल लगबगीने धावली, पण तो हात तिच्यासाठी नव्हताच. मागून आलेल्या कॉर्डीलियाने तो धरला आणि दोघी सावकाश आत गेल्या.

निवडून आलेली व्हर्नेल बाहेरच उभी राहिली. लाज वाटायला हवी होती, थोडी वाटलीही. पण खरं सांगायचं तर, तेव्हाही तिला कॉर्डीलियाचा हेवाच जास्त वाटला.