दोन ठसे जुळले नाहीत

कॉलेजच्या सर्व्हरखोलीत एकवीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे ‘टापटीप’ म्हणत. एका कामाची एकच फाइल, हा त्याचा खाक्या. जुन्या फाइली जपणं त्याला घरात रद्दी साठवल्यासारखं वाटे. नोकरी मात्र वर्षावर्षाच्या करारावर. यंदाचा करार आजच संपत होता आणि नवा कागद प्राचार्यांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता.

सकाळी त्याने वेबसाइट सुरक्षित असल्याचं, बाहेरच्या कंपनीने दिलेलं नवं प्रमाणपत्र बसवलं आणि सर्व्हर उठेचना. प्रमाणपत्र आणि त्याच्या जोडीची किल्ली, म्हणजे सर्व्हरवरची गुप्त फाइल, जुळत नाहीत, एवढंच पडद्यावर. जुन्याची मुदत कालच संपलेली. त्यात प्रवेशअर्जांचा शेवटचा दिवस.

प्रवेशविभागातल्या बाई दारातूनच ओरडल्या, “अहो टापटीप, फोन घेऊन घेऊन कान तापलाय माझा! पोरांना काय सांगू?”

“कंपनीने चुकीचं पाठवलं असणार.”

“असणार? ‘असणार’वर कोणी फोन ठेवत नाही हो!”

त्याने प्रमाणपत्राचा ठसा, म्हणजे ओळखीची अक्षरमाळ, काढला, सर्व्हरवरच्या खाजगी किल्लीचा काढला, दोन्ही एकाखाली एक मांडले. पहिलंच अक्षर वेगळं. मग त्याने तारखा पाहिल्या. कंपनीला प्रमाणपत्रासाठीचा अर्ज तीन तारखेला गेलेला, किल्लीची फाइल मात्र पाच तारखेची.

पाच तारखेला पत्त्यातली चूक सुधारायला त्याने अर्ज पुन्हा तयार केला होता. पत्ता आम्हीच दुरुस्त करतो, असं कंपनी म्हणाली, म्हणून तो अर्ज पाठवलाच नाही. पण त्या अर्जासोबत नवी किल्ली तयार झाली होती आणि नेहमीच्याच नावाने जुनीवर जाऊन बसली होती. कंपनीचं प्रमाणपत्र होतं त्या पुसल्या गेलेल्या किल्लीचं. किल्लीची दुसरी प्रत कुठेच ठेवायची नाही, हा नियमही त्याचाच.

त्याने नवी किल्ली केली, नवा अर्ज धाडला. तपासणीला उद्या दुपार होईल, असं उत्तर आलं.

प्राचार्यांनी विद्यापीठाला फोन करून प्रवेशअर्जांची मुदत दोन दिवस वाढवून घेतली. मग त्याला समोर बसवलं.

“चूक कंपनीचीच ना? तसं लिहून द्या, विषय मिटवू.”

मेलवर तारखा होत्या, खोटं चार दिवसही टिकलं नसतं. आणि टिकलं असतं तरी ते त्याला जमणारं नव्हतं.

“नाही सर. माझी.”

प्राचार्यांनी कराराचा कागद उचलला, वाचल्यासारखं केलं आणि पालथा ठेवला. “वरून विचारणा आलीय. आता सही कशी करू, तुम्हीच सांगा.”

तो उठून बाहेर आला.

जिन्यात बायकोचा फोन आला. “झाली का हो सही?”

“नाही.”

“मग उद्या होईल?”

“उद्या मी अर्धा दिवस येणार आहे,” तो म्हणाला. “प्रमाणपत्र बसवायला.”

“आणि सही?”

खालून कोणीतरी वर येत होतं. वाट द्यायला तो भिंतीला चिकटला आणि तसाच उभा राहिला.

“अहो, ऐकताय ना?”

“ऐकतोय,” तो म्हणाला. “नाही होणार ती.”