दगडूकाकांना 'नको' चालत नाही

कोलशेतच्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये चार टॉवर आहेत. त्यातल्या निम्म्या लोकांना वाटतं की इलेक्ट्रिशियन दगडू तरे हा एक नंबरचा उद्धट माणूस आहे. लिफ्टमध्ये भेटला तर हसत नाही. एखाद्या बाई विचारतात, "काका, आज आमचं काम होणार नाही ना?" तर हे बोलतात, "परत बोला. आज पाहिजे का उद्या पाहिजे?" बाईंना राग येतो.

मला पण आलेला, पहिल्याच दिवशी.

मी संचिता. शहाडला राहते. नववीत शाळा सोडली, मग दोन नोकऱ्या सोडल्या, तिसरीतून त्यांनी मला सोडलं. इथे कंट्रोल रूममध्ये लागले. एक टेबल, एक इंटरकॉम, एक वॉकी. बेसमेंटमध्ये मोबाईलला रेंज नसते, म्हणून ज्याला ज्याला काय सांगायचंय ते वॉकीवर, आणि बहुतेक माझ्यामार्फत. तोंड चालवायचं काम. मला वाटलं, हे तर मला जन्मापासून येतं.

पहिल्या दिवशी प्रीतमने विचारलं, सी टॉवरचा पंप चालू करू का. प्रीतम म्हणजे काकांच्या हाताखालचा इलेक्ट्रिशियन, माझ्याच वयाचा. पाईपचं काम चाललेलं, म्हणून मी बोलले, चालू करू नको. दोन मिनिटांत सी टॉवरची लॉबी पाण्याने भरली.

मी प्रीतमवर ओरडायला लागले. तो म्हणे, तूच बोललीस चालू कर. आमचं जुंपलं. दगडूकाका मागे उभे होते. पन्नाशी पार केलेला, सुकट चेहऱ्याचा माणूस, कानावर पेन्सिल. त्यांनी माझ्या हातातून वॉकी घेतला.

"तू बटण आधी सोडलंस," ते बोलले. "शेवटचा शब्द गेलाच नाय. आपल्या भाषेत 'नको' शेवटी येतो गो पोरी, शेपटासारखा. दार लावलं की पहिला तोच चेमटतो."

मग मला बेसमेंट दोनला नेलं आणि 'थांब' हा शब्द दहा वेळा मोठ्याने बोलायला लावला. प्रीतम दात काढत होता. नंतर कळलं, त्याचं हे आधीच दोनदा झालेलं.

काकांच्या वॉकीवर 'नको' बंद. त्याच्या जागी 'थांब'. 'झालं' पण बंद, कारण 'झालं नाही' बोलायला गेलं आणि शेपूट तुटलं की माणूस मरतो. काम संपवून पॅनलमधून बाहेर आले की ते बोलायचे, "दगडू बाहेर." आधी नाव, मग जागा. ऐकणाऱ्याने ऐकलेलं परत बोलायचं. तो परत बोलत नाही तोवर ते सांगितलेलंच नाही. आणि समोरचा गप्प असला, तर गप्प म्हणजे हो नाही. गप्प म्हणजे थांब. वॉकीवर तू-तुम्ही पण नाही. मी एकदा "थांबा काका" बोलले तर म्हणाले, लाड घरी कर.

हे सगळं आलं कुठून, ते मला त्यांच्या घरी कळलं. त्यांचं घर कोलशेत गावातच आहे, आमच्या टॉवरच्या सावलीत. मी एकदा जेवायला गेलेले. त्यांच्या बायकोचा भाऊ विठ्ठल तिथेच राहतो. तो डाव्या हाताने जेवत होता. उजवा हात कोपरापासून नाही. मी बघत राहिले, मला लपवता येत नाही. तोच हसून बोलला, "दाजींना विचार, त्यांनीच घेतलाय."

चोवीस वर्षांपूर्वी दोघं डोंबिवलीला रंगाच्या एका कारखान्यात होते. तो कधीच बंद पडला. विठ्ठल भिंतीपलीकडे मोटरवर काम करत होता, काका अलीकडे स्विचपाशी. मशीनचा आवाज. विठ्ठल ओरडला, सोडू नको. काकांना ऐकू आलं, सोडू. त्यांना वाटलं सोड बोलतोय. त्यांनी सप्लाय सोडला, मोटर फिरली.

काका ताटाकडे बघत जेवत होते. एवढंच बोलले, "मी परत विचारायला पायजे होतं." विठ्ठल म्हणाला, झालं ना आता, भात घ्या. त्या घरात तो 'झालं' बोलू शकतो. दुसरं कोणी नाही.

जानेवारीत नवीन मॅनेजर आले, मुकुल सर. ठाण्याचे, शिकलेले, शर्टाची घडी मोडलेली नाही. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. गार्डला कोणी रहिवासी शिवी दिली तर ते स्वतः त्या फ्लॅटवर जायचे. त्यांनी क्लबहाऊसमध्ये आम्हा सगळ्यांचं ट्रेनिंग घेतलं, कामाच्या ठिकाणी बोलायचं कसं. पडद्यावर हसऱ्या बायकांचे फोटो. समोरच्याचं पूर्ण ऐका, आवाज खाली ठेवा, सर-मॅडम लावा, हुकूम देऊ नका, विनंती करा. काका शेवटच्या खुर्चीत बसून ऐकत होते. सरांनी विचारलं, काही शंका? काका बोलले, "हे सगळं उजेडातलं आहे. बेसमेंटचं काय?" लोक हसले. सर पण हसले.

मार्चमध्ये ए टॉवरच्या लिफ्टचं काम चालू असताना सरांनी वॉकीवर घाई केली. काकांनी सांगितलं, "थांब." सर पुढे बोलत राहिले. काका बोलले, "थांब. परत बोल, काय ऐकलंस." लॉबीतल्या गार्डचा वॉकी मोठ्या आवाजात होता, आजूबाजूला कमिटीचे चार लोक. मॅनेजरला इलेक्ट्रिशियन अरे-तुरे करतो, हे सगळ्यांनी ऐकलं.

दोन दिवसांनी पत्र आलं, इंग्लिशमध्ये. काका ते माझ्याकडे घेऊन आले. मला अर्धंच कळलं, पण शेवटची ओळ कळली. वरिष्ठांशी पुन्हा अशी भाषा वापरली तर काँट्रॅक्ट पुढे चालू राहणार नाही.

"मना परत वाचून दाखव," काका बोलले. मी वाचलं. ते तेच शब्द हळू आवाजात परत बोलले, घडी घातली आणि खिशात ठेवलं.

त्या दिवसापासून माणूस बदलला. हो सर. ठीक आहे सर. बघतो सर. माझं डोकं फिरायचं. मी बोलले, तुम्ही कशाला वाकताय, पत्र तोंडावर मारा त्यांच्या. ते म्हणाले, तुला चौथी नोकरी मिळेल, मला या वयात कोण घेतंय. घरात तीन माणसं खाणारी, त्यातल्या एकाचा हात त्यांनी घेतलेला. मी गप्प बसले. मला ते जमत नाही, तरी बसले.

मग तो रविवार.

बी टॉवरच्या पॅनलमध्ये केबलचा जोड गरम होत होता, म्हणून दहा ते एक शटडाऊन. नोटीस लावलेली. पॅनल बेसमेंट दोनला. सप्लाय गेटजवळच्या सबस्टेशनमधून बंद केला, तिथे प्रीतम. स्विचला लावायची कुलपं काकांनी वर्षभर मागितली, मंजूर झाली नव्हती, म्हणून नुसती पाटी लटकवली, माणूस काम करतोय. जनरेटरची लाईन पण त्याच पॅनलमधून जाते, म्हणजे बी टॉवरला काहीच नाही. लिफ्टसुद्धा.

आत उघडल्यावर कळलं, जोड नुसता गरम नाही, जळालाय. एक गेला, सव्वा वाजला. काका आतच.

एक वीसला इंटरकॉम वाजला, बॅटरीवरचा. चौदाव्या मजल्यावरच्या आसावरी मॅडम. त्यांचे सासरे, त्र्यंबक आजोबा, ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. मशीनची बॅटरी एकपर्यंत पुरेल असं धरलेलं, आता लाल दिवा लागला. मॅडम ओरडत नव्हत्या. म्हणून मी जास्त घाबरले. मी दोन गार्डना सांगितलं, मेडिकल रूममधला छोटा सिलेंडर घ्या आणि जिन्याने चौदावा मजला गाठा. दोघांनी परत बोलून दाखवलं आणि पळाले. सरांना वॉकीवर सगळं सांगितलं.

सर ऑफिसमध्ये होते. त्यांनी थेट काकांना विचारलं, झालं का काम, वर पेशंट आहे, सप्लाय द्यायला लागेल.

खरखर. मग काकांचा आवाज आला.

"झालं—"

आणि काही नाही.

सरांनी लगेच प्रीतमला सांगितलं, काका म्हणाले झालं, सप्लाय ऑन कर.

आवाज काकांचाच होता. पण तो शब्द काकांचा नव्हता.

"प्रीतम, थांब," मी बोलले. "संचिता, कंट्रोल रूम. थांब. परत बोल."

"प्रीतम, सबस्टेशन. थांबलो."

सर म्हणाले, संचिता, चॅनल सोड. मी सोडलं नाही. काकांना तीनदा हाक मारली, नाव सांग, जागा सांग. तिन्ही वेळा नुसती खरखर. गप्प म्हणजे थांब. पण वर आजोबा होते, आणि सिलेंडर घेऊन पळणारे गार्ड कुठल्या मजल्यावर होते ते मला माहीत नव्हतं. मी चूक असले तर त्या माणसाचा श्वास माझ्यामुळे जाणार होता.

सर धावत कंट्रोल रूममध्ये आले. चेहरा घामाने भरलेला. मी कधी त्यांना घामात बघितलं नव्हतं. ते बोलले, त्यांनी स्वतः सांगितलंय झालं म्हणून, तू कोण ठरवणारी, वरती माणूस मरेल.

"सर, काका 'झालं' बोलत नाहीत."

"आत्ता बोलले. तूही ऐकलंस."

"बाहेर आले की 'दगडू बाहेर' बोलतात. ते नाही बोलले."

"प्रीतम, मी मॅनेजर बोलतोय," सरांनी वॉकी तोंडाला लावला. "माझ्या जबाबदारीवर ऑन कर."

प्रीतमच्या हातात स्विच, कानात दोन आवाज. मला कळत होतं, आणखी अर्धं मिनिट आणि तो सरांचं ऐकणार. त्याची पण नोकरी होती.

मी स्वतः खाली पळाले असते. पण टेबल सोडलं की मागे चॅनलवर फक्त सर उरणार. मला जागा सोडता येत नव्हती.

"सर, तुम्ही जा," मी बोलले. "दोन मजले खाली. बघा आणि मला सांगा. तोवर प्रीतम थांबेल. मला नंतर काढा, आत्ता जा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पळाले. जिन्यावर बुटांचा आवाज खाली खाली गेला. मी घड्याळाकडे बघत नव्हते. प्रीतमला दर थोड्या वेळाने विचारत होते आणि तो बोलत होता, थांबलो. थांबलो. थांबलो.

मग वॉकी खरखरला. सरांचा आवाज, पण असा मी कधी ऐकला नव्हता.

"थांब. थांब. थांब. मुकुल, बेसमेंट दोन. काका आत आहेत. दोन्ही हात आत आहेत. थांब."

"थांबलो," प्रीतम बोलला. मी पण बोलले. माझा आवाज नीट आला नाही, म्हणून मी ते परत बोलले.

दोन मिनिटांनी आसावरी मॅडमचा फोन आला, गार्ड पोचले, बाबांना सिलेंडर लावला, नळी बसली. मी त्यांना परत बोलायला लावलं, लावला की लावायचाय. लावला, त्या बोलल्या. त्यांना राग आला नाही.

एक बेचाळीसला काकांचा आवाज आला, सरांच्या वॉकीवरून. "दगडू बाहेर. दार लावलं. दगडू बाहेर." मी परत बोलले. मग प्रीतमला सांगितलं.

काका वर आले आणि माझ्या टेबलासमोर जमिनीवरच बसले. सर दारात उभे. काकांना काहीच माहीत नव्हतं. वॉकी बाहेर ड्रमवर ठेवलेला, सरांनी विचारलं तेव्हा अर्धं बाहेर येऊन एका हाताने बटण दाबून बोलले आणि परत आत घुसले. आतल्या ठोकाठोकीत बाकीचं त्यांना ऐकूच गेलं नाही.

"काय बोललात तुम्ही?" मी विचारलं.

"झालं नाही सर, दहा मिनिटं द्या." ते स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होते. "थांब तोंडात आलेलं. गिळलं. पत्र आठवलं."

सरांनी हात पुढे केला आणि काकांनी खिशातलं पत्र काढून त्यांना दिलं.

सोमवारी सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी वॉकी वाजला. काकांचा आवाज, बेसमेंटचा घुमारा असलेला. "थांब." मी विचारलं कोण, कुठे. उत्तर नाही. परत, "थांब." तेव्हा मला कळलं, या वेळी शिक्षा त्यांची स्वतःची आहे, आणि मी मोजायला लागले. प्रीतमने पण ऐकलं असणार, पण तो हसला नाही. दहा झाले.

मग सरांचा आवाज. "काका, ते पत्र फाडू—"

खरखर. फाडू का? फाडू शकत नाही?

"परत बोल," काका बोलले.

या वेळी सरांनी बटण नीट धरून ठेवलं असावं, कारण शब्द पूर्ण आले, मागे कागदाच्या आवाजासकट.

"मुकुल, ऑफिस. पत्र फाडलं. कुलपं दुपारी येतायत."

"दगडू, बेसमेंट दोन," काका बोलले. "पत्र फाडलं. कुलपं दुपारी." आणि मग पत्राची भीती नसताना पहिल्यांदाच, अगदी शेवटी, बटण सोडता सोडता, "सर."

शेपूट तुटलं नाही. मी ऐकलं.