दोन येमेन आणि सायराचं लगीन

अजीजाभाबी आमच्या शेजारची. तिचा नवरा लालसाब शिंपी. येमेनातल्या एडनला इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा तो तिथं जाऊन गोऱ्या शिपायांचे कपडे शिवायचा. तिथले इंग्रज गेले, गिऱ्हाईक गेलं, आणि लालसाब पोटासाठी उत्तरेला ताईझ गावी गेला. पासपोर्ट एडनच्या दुकानमालकाकडंच राहिला. येमेनचे तेव्हा दोन देश. उत्तरेत इमामाला हाकलून बसलेलं सरकार, दक्षिणेत इंग्रजांना हाकलून बसलेलं लाल विचारांचं सरकार. दोघांचं पटेना, मधली वाट बंद झाली. माणूस एका देशात, पासपोर्ट दुसऱ्यात. खुशाली कळायची ती हजहून परतणाऱ्या कुणाच्या तोंडी.

बहात्तर साली तिच्या लेकीचं, सायराचं, कुर्डुवाडीच्या नबीसाबच्या मुलाशी ठरलं. पावसाचा पत्ता नव्हता, आणि तिकडं दोन्ही येमेनांची लढाई जुंपली. भाबीचा पाय घरात ठरेना. नळाला हंडा लावून ती माझ्या दारात यायची. मी सातवी पास, पेपर वाचून दाखवायची.

"आज काय?"

"अजून भांडतायत."

"दोघंबी अरब, बोली एक. भांडण कशाचं म्हनायचं?"

नळाच्या रांगेतून अक्कलकोटची बसव्वा म्हणाली, "आमच्याकडं बेळगावावरनं कमिशन बसलं, तरी मिटलं का?"

त्या साली दिवाळी आणि ईद लागोपाठ आली. त्याच्या तोंडावर बातमी आली : कैरोत दोन्ही सरकारांच्या सह्या झाल्या, वर्षाच्या आत एक देश होणार. भाबीनं ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि नबीसाबला निरोप धाडला : लगीन पुढच्या साली, वाट उघडून बाप आल्यावर.

नबीसाब रेल्वेच्या वर्कशॉपातला माणूस, रजा टाकून आला. "भाबी, बाप लांब असला तर निक्यात त्याच्या जागी चुलता वली म्हनून उभा ऱ्हातोय की. काजीसाबबी व्हय म्हनत्यात."

"माझ्या निक्याला बाप विजापुरात जिता असून चुलता उभा ऱ्हायला. सासरच्यांनी जल्मभर 'बेवारशी' म्हनून हिणवलं. सायराला ते नगं."

"आन् करार मोडला तर?"

"सरकारच्या सह्या हायत त्या. तुमच्या वर्कशॉपातली रजेची चिठ्ठी न्हाय!"

नबीसाब हसला आणि थांबायला कबूल झाला.

ते वर्ष भाबीनं कसं काढलं ते मी पाहिलंय. दोन्ही देश जोडायला कमिटी बसली असं वाचलं की लालसाबचा सदरा धुवून वाळत घालायची. काहीच नसलं की विनाकारण सायरावर खेकसायची. सोमवारी सिद्धेश्वराला जाताना मी लालसाबसाठीही हात जोडायची.

वर्ष सरलं. पेपरभर अरबांचीच लढाई होती, पण ती इस्रायलशी. येमेनची एक ओळ नाही.

नबीसाब पुन्हा आला. या वेळी हसला नाही. "मोहोळचं स्थळ सांगून आलंय. पोरगं त्याला न्हाय म्हनतंय, पन मी तरी किती थांबू?"

भाबी रेशनची मिलो ज्वारी चाळतच राहिली. आतून सायरा म्हणाली, "अम्मा, त्या दोन देशांचं लगीन लागंना म्हनून माझंबी लावायचं न्हाय व्हय?"

चाळणी थांबली. मला वाटलं, आता भाबी उठून पोरीला मारते. पण ती खाली बघतच म्हणाली, "काजीसाबला सांगा." आणि पुन्हा चाळायला लागली.

ईद झाल्यावर निका झाला. वली म्हणून चुलता पुढं झाला, तेवढ्यात पडद्याआडून भाबीचा आवाज आला, "बाप जिता हाय. ताईझला हाय. त्येबी म्हना." मांडवात कुजबुज झाली. काजीसाबांनी मान हलवली आणि लालसाबचं नाव, गाव मोठ्यानं उच्चारलं. मगच पुढचं झालं.

यंदा, एकोणऐंशीत, दोन्ही येमेन पुन्हा लढले आणि कुवेतला पुन्हा करार झाला; लालसाब अजून तिकडंच. मी पेपर घेऊन गेले. भाबी नातीची वेणी घालत होती.

"आता काय म्हनत्यात?"

"एक देश करायचा म्हणतात. कायदा लिहायला बसणारेत."

"लिवू द्या सावकाश," भाबी रिबीन बांधत म्हणाली. "हिचं लगीन अजून लई लांब हाय."