साठ किलोच्या आत

देवजीकाका नवीन माणूस भेटला की आधी त्याच्या पायांकडे बघायचे, मग तोंडाकडे. घोलवडच्या एका वाडीवर चिकूच्या पॅकिंग शेडमध्ये मी कारकून म्हणून लागलो, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला चपलांपासून न्याहाळलं आणि म्हणाले, "भाऊ, तुमचा सगळा भार टाचेवर हाय. कोणी बोट लावलं तरी पडाल." मी डहाणूचा, पदवीधर, इस्त्रीचा शर्ट घातलेला. म्हटलं, घ्या! आता चिकू तोडणारा माणूस मला उभं राहायला शिकवणार. पण आठवड्याभरातच मी त्यांच्यासोबत चहा प्यायला लागलो आणि चौदा वर्षं पीत राहिलो.

काका मूळचे सायवनचे. तरुणपणी बोर्डीला एका निवृत्त सुभेदारांच्या बंगल्यावर ते माळीकाम करत. सुभेदार फौजेत बॉक्सिंग खेळलेले. त्यांच्यासमोर पॅड धरायला कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी माळ्यालाच उभं केलं. काकांच्या नशिबी रिंग काही आली नाही, पण खेळ अंगात बसला तो बसलाच. बायको लवकर गेली. मुलगा विलास दहा वर्षांचा झाला तेव्हा काकांनी वाडीमागच्या झाडाला रेतीचं पोतं टांगलं आणि शिकवणी सुरू केली.

शिकवणीची भाषा सगळी झाडावरची. विलास भरमसाट हात चालवायला लागला की ते म्हणायचे, "ओरबाडू नको. देठ बघ, देठ." चिकू ओढून काढला तर फांदी दुखावते, देठ नेमका धरावा लागतो, हे विलासला चालायला लागल्यापासून माहीत. त्यामुळे त्याला लगेच कळायचं. दोन्ही हातांना पॅड बांधून पोराचे ठोसे झेलताना काकांचा चेहरा लग्नघरच्या यजमानासारखा फुललेला असे. जोराचा ठोसा बसला की हात झटकत माझ्याकडे वळून म्हणत, "लागला बरं का भाऊ, चांगला लागला!"

विलास सतरा वर्षांचा झाला आणि जिल्ह्याच्या स्पर्धेत त्याचं नाव लागलं. साठ किलोचा गट. जिंकला तर राज्याची स्पर्धा, तिथे दिसला तर क्रीडा वसतिगृह. काका म्हणायचे, "तिथं त्याला खरा सर मिळेल. मी आपला पोत्याचा सर." दर सोमवारी ते त्याला आमच्या शेडमधल्या काट्यावर उभं करायचे. दवाखान्यातल्या काट्यावर त्यांचा भरवसा नव्हता. "या काट्यावर मुंबईचा व्यापारी विश्वास ठेवतो, मग मी का नको?" शेवटच्या सोमवारी वजन भरलं साडेएकोणसाठ. आम्ही तिघे खुशीत पालघरला गेलो.

तिथल्या काट्यावर विलास एकसष्टच्या वर भरला. वजन उतरवायला तासभर दिला होता. दोन स्वेटर चढवून तो भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारत होता आणि काका अनवाणी त्याच्या बाजूने पळत होते. तरी अर्धा किलो जास्तच राहिलं. नाव खोडलं गेलं. विलास सगळ्यांसमोर ओरडला, "बाबा, तुम्हाला साधं वजन करता येत नाही?" काका म्हणाले, "चुकलं माझं."

चुकलं माझं होतं. आमचा काटा जुना, तबकडीचा. दरवेळी रिकाम्या कॅरेटचं वजन वजा करायचा मला कंटाळा. म्हणून मागचा स्क्रू फिरवून, रिकामं कॅरेट ठेवलं की सुई शून्यावर येईल असं मी करून ठेवलं होतं. म्हणजे नुसता माणूस उभा राहिला तर पावणेदोन किलो कमीच दिसणार. हे मला त्या मैदानावर आठवलं आणि माझी जीभच उचलली नाही. विलास मला मामा म्हणायचा. त्याच्या नजरेतून उतरायची हिंमत नव्हती, दुसरं काही नाही.

विलास घर सोडून तलासरीला गेला, कारखान्यात लागला. बापाशी बोलणं बंद. काका तोडणीला यायचे, चहा प्यायचे, पण पोतं तसंच टांगलेलं. दोन वर्षांनी मला राहवलं नाही. चहा पिताना सगळं सांगून टाकलं. काका शांतपणे म्हणाले, "मला ठावं हाय. पालघरवरून आलो त्याच दिवशी रिकामं कॅरेट ठेवून बघितलं होतं."

मी म्हटलं, मग विलासला का नाही सांगितलंत?

"पोऱ्याला कोणावर तरी रागवायचंच होतं, भाऊ. बापावर रागावलेला पोऱ्या कधी ना कधी घरी येतो. तुमच्यावर रागावला असता तर तुमच्याकडं परत कशाला आला असता?"

आणि आला. एका दिवाळीला सकाळी येऊन सरळ पोत्यासमोर उभा राहिला. काकांनी पॅड चढवले. त्यानंतर तो दर रविवारी येत राहिला. वसतिगृहाचं वय निघून गेलं होतं, पण बाप परत मिळाला होता. मला वाटलं, मिटलं सगळं.

काका गेल्या श्रावणात गेले, झोपेतच. बाराव्याला विलास बापाबद्दल खूप चांगलं बोलला. शेवटी डोळे पुसत म्हणाला, "बाबांचं आयुष्यात एकदाच चुकलं, माझ्या वजनाचं. मी त्यांना कधीच माफ केलं." मी पहिल्या रांगेत बसलो होतो. तेव्हाही उठलो नाही. म्हणून आज हे लिहिलं.

विलास, त्यांचं एकदाही चुकलं नव्हतं. पहिली प्रत तुलाच पाठवतोय. रागाव. मी काही तुझा बाप नाही, त्यामुळे रागावून तू परत येशील असं मी धरून चाललेलो नाही.