पाटीकाकांचा सोमवार

आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर जे गृहस्थ बसतात, त्यांना सगळे पाटीकाका म्हणतात. वय बासष्ट. पंख्याच्या, मिक्सरच्या खोक्यात जी माहितीपत्रकं येतात आणि आपण न वाचता फेकून देतो, ती लिहिण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. नावाचं कारण त्यांच्या घरी गेल्यावर कळतं. एकदा ते तापाने पडले म्हणून मी औषधं द्यायला गेले, तर त्या एका खोलीत प्रत्येक बटणापाशी कागद चिकटवलेला. 'हा दिवा. लागायला वेळ घेतो. पुन्हा दाबू नये.' घरात दुसरं माणूस नाही. काकू जाऊन नऊ वर्षं झाली. कोणासाठी लिहिता हो, असं अगदी जिभेवर आलं होतं, पण गिळलं.

आता ते एजंटसाठी लिहितात. एजंट म्हणजे आमचा एक प्रोग्राम. त्याला काम सांगायचं, तो आपल्या वतीने वेबसाइट उघडतो, बटणं दाबतो, फॉर्म भरतो. त्याच्या हाताशी वीसेक टूल्स असतात. एक पान उघडतं, एक बटण दाबतं, एक पान वाचून दाखवतं. कुठलं कधी वापरायचं हे त्याला फक्त टूलच्या वर्णनावरून कळतं, आणि ती वर्णनं काकांची. माणूस नको इतका काटेकोर. चार ओळींना दोन दोन दिवस घेणार. इंजिनिअर मंडळी कपाळाला हात लावत. काकांचं म्हणणं, वाचणाऱ्याने आपलं घर पाहिलेलं नाही आणि त्याला परत विचारायची सोय नाही, असं धरून लिहायचं. पटायचं मला, पण दिवसातून तीनदा ऐकलं की डोकं उठायचं.

काकांचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, त्यांचे थोरले भाऊ. दादा दूरच्या गावी वृद्धाश्रमात. त्यांची आठवण गळत चालली होती. आधी शेजारी विसरले, मग स्वतःचं दुकान, मग गेलेली बायको. धाकट्याला तेवढं ओळखत. डॉक्टरांनी बजावलं होतं की चेहरा दर आठवड्याला दिसत राहिला तर राहील, खंड पडला तर तोही जाईल. आश्रमात सोमवारी दुपारी पंधरा मिनिटं व्हिडिओवर भेट मिळे. वेळ आधी वेबसाइटवर ठरवावी लागे, आणि वेळा हां हां म्हणता संपत. ते काम काका आमच्या एजंटला देत. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत केस विंचरून स्क्रीनसमोर बसत आणि दोघं भाऊ पंधरा मिनिटं मनसोक्त भांडत. मला ते ऐकायला फार आवडे.

एका सोमवारी स्क्रीन काळीच राहिली. काका पंधरा मिनिटं जागचे हलले नाहीत. मग आश्रमात फोन केला, तर तिथली बाई म्हणाली, तुमची नोंदच नाही. एजंटने तर नोंद झाल्याचं कळवलं होतं. मी त्याने काय काय केलं ते उघडून बघितलं. शेवटचं बटण त्याने दाबलं होतं. त्यावर आश्रमाच्या पानाने लाल अक्षरांत सांगितलं होतं, ही वेळ आत्ताच गेली, दुसरी निवडा. ते त्याने वाचलंच नव्हतं. कशाला वाचेल? बटण दाबायच्या टूलच्या वर्णनात काकांनी लिहिलं होतं, 'बटण दाबलं गेलं की हे टूल झालं असं कळवतं.' दाबलं गेलं म्हणजे काम झालं असं नव्हे, पुढचं पान वाचून खात्री करा, ही ओळ राहून गेली होती. इतके आठवडे वेळ मिळत गेली म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

असं कोणाचंही होतं, काका, असं मी म्हटलं. ती ओळ त्यांनी पाच मिनिटांत लिहून टाकली. मग मला विचारलं, पुढच्या सोमवारी माझ्याजवळ बसशील का. खरं सांगते, मला त्यांचा रागच आला. सहा वर्षं शेजारी बसून या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

या वेळी त्यांनी आश्रमातल्या बाईला फोनवर गळ घालूनच वेळ ठरवली. दादा स्क्रीनवर आले. शर्ट इस्त्रीचा, दाढी केलेली. काकांकडे बघून हसले, पण परक्याकडे बघून हसतात तसं. काका एकेक गोष्ट सावकाश सांगायला लागले. मी तुझा धाकटा भाऊ. आपल्या घरामागे विहीर होती. माझ्या वाटचा मार तू खायचास. दादांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"माणूस चांगले दिसता तुम्ही," ते म्हणाले. "पण माझा भाऊ वेगळा. तो सोमवारी येतो. मागच्या सोमवारी मी बसून होतो, आला नाही."

मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"त्याला यायचं होतं हो," काका म्हणाले.

"मग भेटला तर सांगा त्याला, मी रागावलेलो नाही."

काका म्हणाले, सांगतो. उरलेली नऊ मिनिटं दोघं त्या भावाची वाट बघत बसून राहिले.