नाही, महाराजा

देवासमोर उभं राहून 'नाही' म्हणणारी बाई भक्त कशी, असं कुणी विचारलं तर खुशाल विचारू दे. मी भक्त आहे. आणि कांदिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या पूजेत मी 'नाही' म्हणाले, तेही सगळ्यांच्या देखत.

माझी गार्गी आठ वर्षांची. तिला एडीएचडी आहे, हे डॉक्टरांनी सांगितलं त्याला वर्ष झालं. तिचं मन एका जागी ठरत नाही, अंगही नाही, आणि प्रश्न संपायच्या आत उत्तर तिच्या तोंडून निसटतं. औषध, थेरपी, सगळं चालू आहे. पण लोक काय काय म्हणतील ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. आईचं लक्ष नाही, मोबाइल दिला असेल, दोन फटके द्या म्हणजे सरळ होईल. पूजेच्या दिवशी सकाळी मी खरंच दोन फटके दिले. शाळेचे मोजे घालायला तिने पाऊण तास लावला होता. ती रडली नाही. म्हणाली, "आई, मी मुद्दाम नाय करत गं." मी बाथरूमचा नळ सोडून रडले. देव असेल तर तो कुणा दुसऱ्यांचा असेल, असं तेव्हा वाटलं.

आमच्या इमारतीत बहुतेक घरं मालवणची. त्यामुळे संध्याकाळी सत्यनारायणानंतर गाऱ्हाणं होतं. जाणता माणूस हातात नारळ घेऊन एकेका घराचं मागणं देवापुढे मोठ्याने मांडतो आणि प्रत्येक मागण्याला सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन आले तेव्हा मला याचं फार अप्रूप वाटलं होतं. यंदा गाऱ्हाणं घालायला एक अनोळखी आजोबा उभे राहिले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिसऱ्या मजल्यावर लेकीकडे आलेले, डोळ्यांवर काळा चष्मा. सासूबाई त्यांच्या कानाशी लागल्या, तेव्हाच मी ओळखलं, आता गार्गीचा विषय निघणार.

गाऱ्हाण्यात आमच्या घराची पाळी आली, म्हणजे आमच्या 'चेडवाची', मुलीची. "देवा म्हाराजा, ह्या चेडवाच्या डोक्यात जा काय वाकडा शिरला आसात, ता भायर काढ आणि तेका शांत कर रे म्हाराजा!"

लोकांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "नाही, महाराजा."

गाऱ्हाण्यात कुणी नाही म्हणत नसतं. सासूबाईंनी माझा पदर ओढला, "अगं, गप!" पण मला आता थांबायचं नव्हतं. "तिच्या डोक्यात वाकडं काही नाही. मागायचं तर माझ्यासाठी मागा. सकाळी मी मारलंय तिला."

आजोबा माझ्या आवाजाच्या दिशेने वळले. आता ते चिडणार, असं मी धरूनच चालले होते. त्यांनी नारळ दुसऱ्या हातात घेतला. "बरा गो बाय. मगे नीट सांगतंय." आणि पुन्हा सुरुवात केली, "देवा म्हाराजा, ह्या चेडवाच्या पायाक तूच भिंगरी बांधलंस. आता तेच्या मागसून धावणाऱ्या आवशीक, ह्या आयेक बळ दे, आणि बघणाऱ्यांका..."

"व्हय म्हाराजा!" खुर्च्यांमधून पळणारी गार्गी ओरडली. वाक्य संपायच्या आत, नेहमीप्रमाणे.

"अक्कल दे, असा म्हणाचा हुता माका," आजोबा हसून म्हणाले. मग माझ्या शेजारून सासूबाईंचा घोगरा आवाज आला, "व्हय म्हाराजा." त्यांच्यामागून सगळे म्हणाले, आणि मी हात जोडून हमसून हमसून रडले.

त्या आजोबांना माझ्या मनातलं कसं उमगलं, मला माहीत नाही. ते आठवड्याने गावी गेले. शाळेतून तक्रारी अजून येतात, मोजे अजून पाऊण तास घेतात. शरण जायचं म्हणजे पदरी पडेल त्याला मान डोलवायची, असं मी समजत होते. आता मी देवाला शरण जाते ती गार्गीला हाताशी धरून, आहे तशी. लोकांना शरण जायला मी बांधलेली नाही.

रोज दिवा लावताना मी माझं छोटं गाऱ्हाणं घालते. ते कधीच पुरं होत नाही. अर्ध्यातच कुठल्या तरी खोलीतून 'व्हय म्हाराजा' येतं, आणि उरलेलं मी मागतच नाही.